जुनी एमएक्स-५ दुरुस्त करत राहायची की सोडायची? आधी उंबरठा बघा

ब्रिटनमध्ये नोकरीला आलेल्या मराठी मुलामुलींचे मला वर्षातून दोन-चार तरी फोन येतात. मजकूर ठरलेला. "दादा, माझी माझदा एमओटीत फेल झाली. इंजिन एकदम मस्त आहे हो, पण गॅरेजवाला म्हणतो खालून सडलीय. करू का सोडू?" एमओटी म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का, हे बघणारी इथली वार्षिक तपासणी.

गाडी बहुतेक वेळा एमएक्स-५ असते. दोन सीट, मागच्या चाकांना ताकद, हाताने उघडणारा कापडी टप, आणि आपल्या खिशाला झेपेल अशी किंमत, असं सगळं एका गाडीत मिळणं अवघडच. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली, हिरोशिमात बनते, आणि २००० साली ५,३१,८९० गाड्यांच्या आकड्यावर सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार म्हणून गिनेसच्या नोंदीत गेली. म्हणजे सुटे भाग मिळतात, माहितगार मेकॅनिक मिळतात आणि स्वस्तात गाडीही मिळते. स्वस्त का, ते दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यानंतर कळतं.

फोनवरच्या त्या वाक्यात "इंजिन मस्त आहे" हे जे येतं ना, तिथेच आपली चूक असते. आपण लहानपणापासून गाडी म्हणजे इंजिन असं ऐकलेलं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि या गाडीचं आयुष्य पत्रा ठरवतो. इंजिन दुसरं बसवता येतं. सडलेला सांगाडा बदलायचा म्हणजे दुसरी गाडीच घेणं. हे डोक्यात पक्कं ठेवून पुढे वाचा.

पायरी १: कागद नीट वाचा, आणि त्या दिवशी काहीही ठरवू नका

२० मे २०१८ पासून एमओटीत दोषांच्या तीन पातळ्या आहेत: धोकादायक, मोठा आणि किरकोळ. त्याखाली 'लक्ष ठेवा' अशा स्वरूपाच्या सूचना असतात. आधीच्या एमओटीची मुदत शिल्लक असेल आणि 'धोकादायक' असा शेरा नसेल, तर गाडी घरी नेता येते. मुदत संपली असेल तर फक्त दुरुस्तीला किंवा आधी वेळ घेतलेल्या तपासणीलाच. म्हणून माझी सवय अशी, की मुदत संपायच्या महिनाभर आधी तपासणी करायची. महिन्याला एक दिवस कमी, इतकं आधी केलं तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते, आणि विचार करायला चार आठवडे मिळतात. शेवटच्या दिवशी गेलात तर गाडी त्यांच्या दारात अडकते आणि तुम्ही त्यांच्या शब्दात.

मग सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून एमओटीचा सगळा इतिहास काढा. फुकट आहे, आणि २००५ पासूनच्या नोंदी त्यात मिळतात. बघायचं एवढंच, की 'गंज, पण अजून कमकुवत नाही' ही सूचना पहिल्यांदा कधी आली आणि मग ती कुठे गेली. तीन वर्षं ओळीने येत होती आणि चौथ्या वर्षी अचानक गायब झाली, तर एकतर कुणीतरी चांगलं वेल्डिंग केलंय किंवा कुणीतरी काळा डांबरी थर फासलाय. दुसरी शक्यता जास्त.

पायरी २: आपली गाडी कुठल्या पिढीची

लावल्यावर बॉनेटमधून वर येणारे पुढचे दिवे असतील तर पहिली पिढी. १९९८ ते २००५ ही दुसरी, २००५ ते २०१५ तिसरी, त्यापुढे चौथी. पहिल्या पिढीतल्या बऱ्याच गाड्या जपानमध्ये वापरून इकडे आल्या. त्यांच्यावर 'युनोस रोडस्टर' असं नाव असतं. हा लेख मुख्यतः पहिल्या दोन पिढ्यांबद्दल आहे, कारण फोन त्यांचेच येतात.

पहिल्या पिढीचा भाव आता चढलाय. खुद्द माझदानेच २०१७ साली जपानमध्ये या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून द्यायची सेवा जाहीर केली आणि बंद झालेले काही भाग पुन्हा बनवायला घेतले. दुसरी पिढी मात्र मधल्या मुलीसारखी. तीच सगळ्यात स्वस्त, तिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष, आणि गंजही तिलाच सगळ्यात वाईट लागतो.

पायरी ३: उंबरठा

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. एक अख्खा शनिवार द्या.

दाराखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी आडवी पेटी जाते, तिला इथे 'सिल' म्हणतात, म्हणजे उंबरठाच. साध्या गाडीत छत आणि खांब मिळून सांगाड्याला ताठ ठेवतात. टपाच्या गाडीला छतच नाही, त्यामुळे तो सगळा भार या दोन उंबरठ्यांवर आणि दोन सीटांमधल्या बोगद्यासारख्या पत्र्यावर येतो. उंबरठा सडला की गाडी मधूनच लवचीक होते. दार उघडताना-लावताना घासतं, खड्ड्यात गेल्यावर टप कुरकुरतो.

हा गंज बाहेरून येतो त्यापेक्षा आतून जास्त येतो. टपावर पडलेलं पाणी सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत गोळा होतं आणि तिथल्या नळ्यांतून मागच्या चाकांजवळ खाली पडतं. पानं, माती आणि वर्षानुवर्षांचा कचरा त्या नळ्यांत बसला की पाणी तुंबतं आणि उंबरठ्याच्या पोकळीत शिरतं. आमच्या गावाकडे पन्हाळी तुंबली की भिंतीला ओल धरते. तेच इथे, फक्त भिंत पत्र्याची.

म्हणून पहिली परीक्षा पाण्याची. टप अर्धा उघडून सीटमागच्या कोपऱ्यातल्या भोकात तांब्याभर पाणी हळूहळू ओता. ते लगेच चाकाजवळ खाली पडलं तर नळी मोकळी आहे. पडलं नाही, किंवा मिनिटभराने भलत्याच जागेवरून ठिबकायला लागलं, तर ओतणं थांबवा. गवत कापायच्या यंत्राची जाड प्लॅस्टिक दोरी असते ना, तिचं टोक तासून गोल करा आणि हलक्या हाताने आत सरकवा. तारेने खुपसलंत तर नळी फाटेल आणि पाणी थेट पत्र्यात जाईल.

दुसरी परीक्षा हाताची. गाडी सपाट जागेवर उभी करा, जॅकने उचला आणि खाली घोड्या लावल्याशिवाय अंग गाडीखाली घालू नका. नुसत्या जॅकवर कधीच नाही. उंबरठ्याच्या कडेला जॅक लावताना पत्रा कुरकुर करत आत दबला, तर अर्धी तपासणी तिथेच झाली म्हणायची. मग मागच्या चाकाच्या पुढची जागा, म्हणजे उंबरठ्याचा मागचा शेवट, पेचकसाच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा टणटणतो, सडलेला ओल्या पुठ्ठ्यासारखा बद्द वाजतो. रंगाला फोड आले असतील तर पेचकसाचं टोक टेकवून जरा दाबा. आरपार गेलं तर वाईट वाटून घेऊ नका. भोक तुम्ही पाडलेलं नाही, ते आधीपासून रंगाखाली होतं.

तिसरी लोहचुंबकाची. फ्रिजवरचं छोटं चुंबक रुमालात गुंडाळून चाकाच्या कमानीवरून आणि उंबरठ्यावरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. माझ्या स्वतःच्या गाडीत डाव्या बाजूला वीतभर जागेत चुंबक नुसतं घसरत होतं. आधीच्या मालकाने एका गॅरेजकडून 'उंबरठा नवा केला' अशी पावती घेतलेली होती. नवा होता तो रंग.

दुसऱ्या पिढीची गाडी असेल तर आणखी एक जागा बघायची. खरं तर ती आधी बघायची. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणाऱ्या पेटीसारख्या पट्ट्या, म्हणजे पुढचे चॅसिस रेल. सस्पेन्शनच्या आसपास तिथे पत्र्याचे एकाहून जास्त थर आहेत, त्यांच्यात पाणी आणि मीठ अडकतं, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. उंबरठ्याचं वेल्डिंग करणारे पुष्कळ आहेत. रेल करायला मात्र आजूबाजूचं बरंच सामान उतरवावं लागतं आणि अनेक गॅरेजवाले सरळ नाही म्हणतात. दोन्ही रेल आणि दोन्ही उंबरठे गेलेली दुसऱ्या पिढीची गाडी सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात कितीही आठवणी असल्या तरी.

डिकीतही बघून घ्या. पहिल्या दोन पिढ्यांची बॅटरी डिकीत असते आणि तिची वाफ नळीने बाहेर काढायची सोय असते. कुणी साधी बॅटरी बसवून ती नळी जोडलीच नसेल, तर खालचा पत्रा ॲसिडने खाल्लेला सापडतो.

पायरी ४: बाकीचं, भराभर

पुढच्या गोष्टींना घाबरून गाडी सोडू नका. पहिल्या पिढीत सकाळी इंजिनातून टिकटिक येते: हायड्रॉलिक लिफ्टर, तेल बदलून बघा. इंजिनाच्या मागच्या बाजूला तेलाचा ओघळ: वरच्या कव्हरचं गॅस्केट किंवा कॅम सेन्सरचं रबरी कडं, किरकोळ काम. क्लचचं पेडल एक दिवस मऊ होऊन खाली राहतं: खालचा छोटा सिलिंडर गळतोय, तोही स्वस्त. हँडब्रेक धरत नाही: मागचे कॅलिपर जाम. रेडिएटरचं वरचं प्लॅस्टिक तपकिरी पडलंय: ते फुटायची वाट न बघता बदला. टपाची मागची प्लॅस्टिकची काच धुरकट झालीय: राहू द्या.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. पहिल्या पिढीच्या १.६ इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी फक्त जागेवर थांबते. पण एम-वन महामार्गाच्या तिसऱ्या लेनमध्ये थांबली तर 'फक्त' हा शब्द आठवणार नाही.

इंजिनाची एकच गोष्ट गंभीरपणे बघायची: १९८९ ते १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं आणि तिथली चावीची खाच झिजते. इतकी जुनी गाडी असेल तर ते माहीत असलेल्यालाच दाखवा.

पायरी ५: अंदाज मागताना

इथे आपली घरची शिकवण उलटी पडते. कोल्हापुरात उद्यमनगरात गाडी नेली तर हात स्वस्त आणि माल महाग. कारागीर दोन दिवस बसून जुना भाग घासूनपुसून पुन्हा लावून देतो. इथे माल स्वस्त आणि हात महाग. नव्या उंबरठ्याचा दाबीव पत्रा तुलनेने किरकोळ पैशांत येतो, पण कापणं, साफ करणं, वेल्डिंग, गंजरोधक आणि रंग यांचे तास मोजले की पावती बघून पाणी प्यावं लागतं. मी माझ्या दोन्ही उंबरठ्यांसाठी तिघांना विचारलं. ७०० पासून १,६०० पाउंडांपर्यंत आकडे आले, आणि तिघेही आपापल्या परीने खरं बोलत होते, कारण तिघे तीन वेगवेगळी कामं करणार होते.

म्हणून 'किती घ्याल' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा: सडलेला पत्रा कापून काढणार की वरून ठिगळ लावणार? आतला थरही करणार का? वेल्डिंग सलग असेल का? एमओटीच्या नियमात सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, सीटबेल्ट यांच्या जोडणीपासून ३० सेंटिमीटरच्या आत गंजाने भार पेलणारा भाग कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते, आणि तिथे फायबर किंवा गोंद चालत नाही, पत्राच लागतो. कापल्यावर आणि रंगाआधी, असे दोन फोटो मागा. चांगला वेल्डर हे ऐकून खूश होतो. जो चिडतो त्याच्याकडे गाडी देऊ नका.

आणि हे लिहून घ्या: उघडल्यावर जास्त निघालं तर किती रकमेपर्यंत पुढे जायचं, आणि कुठे थांबून फोन करायचा. गंजाच्या कामात उघडल्यावर जास्तच निघतं.

पायरी ६: हिशेब

'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' हे वाक्य तुम्हाला घरून ऐकवलं जाईल. आमच्याकडेही झालं. गाडीची किंमत १,२०० आणि दुरुस्ती १,५००, म्हणजे वेडेपणा, असा तो हिशेब. मला तो अर्धवट वाटतो. बाजारात १,२०० ला मिळणारी दुसरी एमएक्स-५ घेतली तर तिचाही उंबरठा तुम्ही पाहिलेला नसेल. तुलना करायची ती अशी: माझी गाडी नीट करून जिथे पोचेल, तशाच अवस्थेतली, वेल्डिंगच्या फोटोंसकट, दुसरी गाडी किती पाउंडांना पडेल? तो आकडा दुरुस्तीपेक्षा बराच जास्त असेल तर दुरुस्ती शहाणपणाची. कमी असेल तर कोंबडी बदला.

कागदावर तीन रांगा करा. आत्ता केलंच पाहिजे, वर्षभरात करावं लागेल, आणि मनाला हवंय. पहिल्या दोन रांगांची बेरीज घ्या. तिसरी रांग नवऱ्यापासून किंवा बायकोपासून लपवून ठेवायची असते, ती या हिशेबात आणू नका. गेल्या वर्षी टाकलेले टायर, नवा सायलेन्सर, यांचे पैसेही नाहीत. बुडाले ते बुडाले, ते पुढच्या खर्चाचं कारण होत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकाने आधी इंजिन उतरवून चकाचक केलं, महागडं सस्पेन्शन घातलं, आणि मग एमओटीत दोन्ही रेल गेल्याचं कळलं. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

बाकी खर्च ठिकाणावर अवलंबून आहेत. १ मार्च २००१ च्या आधीच्या गाड्यांचा रस्ता कर इंजिनाच्या आकारावर लागतो आणि रेषा १,५४९ सीसीवर आहे. १.६ चं इंजिन १,५९७ सीसीचं, म्हणजे ४८ सीसीसाठी वरचा दर. लंडनमध्ये राहत असाल तर २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचं शुल्क, शहराच्या सगळ्या बरोंमध्ये (विभागांमध्ये) लागू आहे. निकषात न बसणाऱ्या गाडीला वापराच्या प्रत्येक दिवशी साडेबारा पाउंड. जानेवारी २००६ च्या आधीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्या निकषात बसत नाहीत, काही बसतात. नंबर टाकून लंडनच्या वाहतूक विभागाच्या संकेतस्थळावर पाहा. चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला ऐतिहासिक वर्गात करमाफी आणि यूलेझमधून सूट मिळते, पण १९९० सालच्या गाडीला त्यासाठी एप्रिल २०३१ पर्यंत थांबावं लागेल.

विम्याचंही बघा. साध्या पॉलिसीत गाडीची किंमत इतकी कमी धरतात की मागून हलका धक्का बसला तरी विमा कंपनी ती बाद ठरवू शकते. १,५०० पाउंड घालणार असाल तर आधी ठरलेल्या किमतीची क्लासिक पॉलिसी घ्या आणि दुरुस्तीच्या पावत्या त्यांच्याकडे पाठवा.

पायरी ७: घरातली परिस्थिती

दोनच सीट आहेत. बाळ होणार असेल तर दुसरी गाडी लागणारच, आणि मग ही उभी राहील. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर सडते, विशेषतः उघड्यावर. 'पुढच्या उन्हाळ्यात बघू' म्हणून सॉर्न करून, म्हणजे गाडी रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला कळवून, अंगणात ठेवलेली गाडी म्हणजे भिजत घोंगडं. सॉर्न फुकट आहे म्हणूनच धोकादायक आहे. ठेवायचीच तर तारीख घाला.

आणि परत भारतात जायचा विचार असेल तर गाडी सोबत नेण्याचं स्वप्न बाजूला ठेवा. उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात आणता येत नाही. वर्षा-दोन वर्षांत पुण्याला परतणार असाल तर फक्त पहिल्या रांगेतलं काम करा.

पायरी ८: ठेवायची ठरली तर

आधी पत्रा, मग ब्रेक आणि टायर, मग टायमिंग बेल्ट, मग बाकी. वेल्डिंग झालं की त्याच आठवड्यात उंबरठ्याच्या पोकळीत गंजरोधक मेण मारून घ्या. नवा पत्रा आतून उघडा सोडला तर तोही तसाच जाईल. टपाच्या नळ्या वर्षातून दोनदा साफ करायच्या. मी पितृपक्षात एकदा आणि गुढीपाडव्याला एकदा करतो, म्हणजे लक्षात राहतं आणि पानगळीच्या आधी-नंतर होतं. हिवाळ्यात मीठ पडलेल्या रस्त्यावर गेलात तर गाडी खालून धुवा. आडोशाची जागा असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी सॉर्न करून ठेवा, पूर्ण शिल्लक महिन्यांचा कर परत मिळतो.

पायरी ९: सोडायची ठरली तर

घाईने भंगारात देऊ नका. मूळ कंपनीचा कडक टप असेल तर तो वेगळा विका. कधीकधी सडलेल्या गाडीपेक्षा त्याचेच जास्त येतात. सीट, चाकं, चांगलं इंजिन हे सगळं कुणाला तरी हवं असतं. माझ्या लाल गाडीचं अखेर हेच झालं. रेल गेले होते, वेल्डर नाही म्हणाला, आणि डर्बीजवळचा एक मुलगा ट्रेलर घेऊन आला. त्याच्याकडे चांगला सांगाडा आणि फुटलेलं इंजिन होतं. दोष कागदावर लिहून, त्याची सही घेऊन दिली.

कुणीच नाही आलं तर परवानाधारक ठिकाणीच द्या आणि गाडी नष्ट केल्याचं प्रमाणपत्र घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये भंगाराचे पैसे रोख देणं बेकायदा आहे, त्यामुळे दारात येऊन नोटा मोजणाऱ्याला गाडी देऊ नका. नोंदणीपुस्तकातला पिवळा भाग स्वतःकडे ठेवा, डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, त्याच दिवशी कळवा, मग विमा बंद करा. याच क्रमाने. आणि देण्याआधी सीट पुढे सरकवून खाली हात घाला. मला माझ्या सीटखाली तीन वर्षांपूर्वी हरवलेली घराची किल्ली सापडली, गंजलेली.